मी खोटा पेटलो ती दुपार

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. रस्त्यावरचा नाही आणि टेबलावरचाही नाही. एका पांढऱ्या व्हॅनच्या स्टेअरिंगमागे, वेगाच्या काट्याखाली माझी जागा आहे. मी वाटाण्याएवढा, लाल, आणि माझ्यावर तेलाच्या डब्याचं बारीकसं चित्र आहे. इंजिनातल्या तेलाचा दाब गेला की मी लागतो. मी लागलो की गाडी जागेवर बंद करायची असते, नाहीतर आतलं लोखंड लोखंडावर घासून इंजिन कायमचं बसतं. काम म्हटलं तर एवढंच. पण एवढ्याशा कामातही माझ्या हातून केवढा अनर्थ झाला, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

इंजिनातलं मला स्वतःला काही दिसत नाही. तिथे एक स्विच आहे आणि त्याच्यापासून माझ्यापर्यंत एक तार येते. दाब गेला की स्विच ती तार इंजिनाच्या लोखंडाला जोडतो आणि मी पेटतो. तारेने सांगितलं की लागायचं, हा माझा जन्मभराचा शिरस्ता. शहानिशा करायला मला कुणी शिकवलं नाही.

माझे मालक आणि मालकीणबाई धुलाईचं काम करत. लॉजमधल्या चादरी आणि अभ्रे गोळा करायचे, धुऊन इस्त्री करून पोचवायचे. मालक गाडी चालवत, बाई शेजारी बसत आणि वाटभर दोघांचं लटकं भांडण चाले. व्हॅनची देखभाल बाईंच्या धाकट्या भावाकडे होती. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, केस पिकले होते, पोट सुटलं होतं, तरी बाई त्याला छोट्याच म्हणत, म्हणून मालकही छोट्याच म्हणत. गाडी घेतली त्याच दिवशी त्याने बजावलं होतं, “भाऊजी, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. हा लाल दिवा लागला की गाडी जागेवर बंद. पुढच्या कोपऱ्यापर्यंत नेतो, असंही म्हणायचं नाही.”

मालकांनी ते ब्रह्मवाक्य मानलं. किल्ली फिरवली की ते आधी माझ्याकडे बघत आणि मग रस्त्याकडे. बाई म्हणत, “अहो, माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंत का?” माझी छाती तेव्हा अभिमानाने फुगायची.

मग ती दुपार आली. बाईंच्या छातीत कळ उठली. मालकांनी चादरींचे गठ्ठे भराभर खाली फेकले, बाईंना मागे निजवलं आणि हॉस्पिटलकडे निघाले. निम्म्या वाटेत, दगडाच्या खाणीजवळच्या वळणावर, मी लागलो.

मालक थांबले. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेल पुरेसं होतं. पण तेल असलं तरी दाब जाऊ शकतो, हे छोट्याने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी इंजिन गार होऊ दिलं, पुन्हा सुरू केलं. मी पुन्हा लागलो. छोट्याला फोन लावला, तर रेंज नव्हती.

मागून बाईंचा आवाज आला, “अहो, निघायचं ना?”

“दोन मिनिटं गं. इंजिन बसलं तर इथेच अडकून पडू.”

चाळीस मिनिटांनी एक ट्रक आला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की अर्धा तास आधी यायला हवं होतं.

त्या संध्याकाळी छोट्या मालकांवर ओरडला, “इंजिन गेलं असतं तर गेलं असतं! मी दुसरं बसवलं असतं ना!” त्यानंतर दोन वर्षं त्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. नियम तुझाच होता, असं मालक त्याला एकदाही म्हणाले नाहीत.

गाडी पुन्हा कामाला लागली आणि मी पुन्हा लागू लागलो. एका गॅरेजात स्विच बदलला, दुसऱ्यात पंप बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मी अधूनमधून पेटतच राहिलो, आणि खाणीच्या वळणावर तर हमखास. तिथला रस्ता उखडलेला होता, एवढंच त्याचं कारण. पण मालकांना वाटे, बाई बोलावतात. ते थांबत, इंजिन बंद करत, पण मी विझू नये म्हणून किल्ली अर्धी फिरवलेली ठेवत. गठ्ठे कितीही असोत, शेजारची सीट मोकळीच असे. त्या सीटकडे न बघता ते विचारत, “निघायचं ना?” आणि उत्तराची वाट बघत. मित्रांनो, मला तिथे लागायचं नसायचं. मला त्या वळणाची भीती वाटू लागली होती.

पुढे एक दिवस मी विझेचना. घरापासून लॉजपर्यंत सगळीकडे पेटलेला. इतके दिवस इंजिन काही बसलं नव्हतं, म्हणून मालक दोन दिवस गोंधळल्यासारखे तशीच गाडी चालवत राहिले आणि तिसऱ्या दिवशी छोट्याच्या गॅरेजात गेले.

छोट्या ‘या’ म्हणाला नाही आणि ‘जा’ही म्हणाला नाही. त्याने गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. स्विच काढून त्या जागी दाबाचं मीटर बसवलं आणि इंजिन चांगलं तापू दिलं. दाब अगदी हवा तेवढा होता. स्विचची तार तर सुटी लोंबत होती, म्हणजे आता मी विझायलाच हवा होतो.

“विझला?” त्याने खड्ड्यातून विचारलं.

“नाही. लागलेलाच आहे.”

“मग ही तारच कुठेतरी लोखंडाला टेकतेय. मी हलवतो, तुम्ही बघत राहा.”

“लागलाय... लागलाय... गेला! परत लागला.”

मग खालून आवाजच येईना.

“छोट्या? सापडलं का?”

वर बसलेल्या मालकांना खालचं काही दिसत नव्हतं. त्याने चिकटपट्टी गुंडाळून विषय मिटवला असता, तर कुणाला कळलं असतं? बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “भाऊजी, खाली या.”

तार जिथे इंजिनाजवळून जाते, तिथे एक प्लास्टिकची क्लिप असायला हवी होती. तिच्या जागी चादरीची एक चिंधी बांधलेली होती. ती सैल पडली होती आणि तार घासून घासून उघडी झाली होती.

“ही गाठ माझी आहे,” छोट्या म्हणाला. “क्लचचं काम करताना क्लिप तुटली. ताईनेच ही चिंधी फाडून दिली. म्हटलं, तात्पुरतं बांधतो, क्लिप आली की लावू. आणि राहूनच गेलं.”

“म्हणजे त्या दिवशी इंजिन...”

“ठणठणीत होतं, भाऊजी. थांबायची काही गरज नव्हती. आणि मी तुम्हालाच बोल लावत बसलो.” एवढं बोलून तो खड्ड्यातच खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडू लागला.

मालकांनी ती तार बोटांत धरली. उघडं तांबं जेमतेम नखाएवढं होतं. ती त्यांनी हलकेच खाली सोडली. मग म्हणाले, “ऊठ. क्लिप आजच लाव.”

काम झालं. किल्ली फिरवल्यावर मी लागलो, इंजिन सुरू होताच विझलो.

मालकांनी विचारलं, “पुढच्या वेळी हा लागला, तर काय करू?”

“थांबायचं, भाऊजी.”

“मागच्या वेळीही थांबलोच होतो रे.”

छोट्या खाली वाकून हत्यारं आवरू लागला.

आता छोट्या दर रविवारी मालकांकडे जेवायला येतो. आता खाणीच्या वळणावर मी गप्प असतो. मालक तिथे वेग कमी करतात, माझ्याकडे बघतात आणि पुढे जातात. बाईंशी बोलायची त्यांची ती जागाही मीच हिरावून घेतली, असं मला वाटत राहतं.

मित्रांनो, तात्पुरतं बांधलेलं वेळेवर पक्कं करा. लाल दिवा लागला तर थांबा, कारण बहुतेक वेळा तो खरंच बोलतो. आणि माझी एक विनंती आहे. ही गाडी आता म्हातारी झाली आहे. एक दिवस तेलाचा दाब खरोखर जाईल आणि मी खरा पेटेन. त्या दिवशी मालक थांबले नाहीत, तर त्यांना नावं ठेवू नका.