आईची गोळी

मित्रांनो, माझ्या झाकणावरच्या हरणाचा एक कान गंजून गेला आहे. त्यावरूनच तुम्ही ओळखाल की मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मुळशी तालुक्यात, रिहे गावात, हैबतरावांच्या घरी खिडकीशेजारच्या फळीवर मी राहतो. पाहुण्यांची मुले बिस्किटांच्या आशेने माझे झाकण उघडतात आणि तोंड वाकडे करतात. माझ्यात औषधे असतात.

एके काळी बिस्किटे होती. कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, दाबून मला घडवले, वर हरिण छापले आणि पोटात बिस्किटे भरून दुकानात पाठवले. एका दिवाळीला मी या घरात आलो. चार दिवसांत बिस्किटे संपली. हैबतराव मला खिळे ठेवायला मागत होते, पण त्यांच्या पत्नी साधनाबाईंनी दिले नाही. "खिळ्यांना कशाला हरिण पायजे?" असे म्हणून त्यांनी मला पुसले, तळाशी वर्तमानपत्राचा कागद घातला आणि घरातली सगळी औषधे माझ्यात ठेवली. डोकेदुखीचा बाम, खोकल्याची बाटली, बैलाच्या खांद्याला लावायचे मलमसुद्धा. त्या दिवसापासून घरात कोणाचे काहीही दुखले की आधी माझ्याकडे येत.

पुढे साधनाबाईंच्याच हृदयाची एक झडप बिघडली. त्यांना रोजच्या तीन प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांना मराठी वाचता येत असे, पण पाकिटावरची बारीक इंग्रजी नावे येत नसत. म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली. सकाळच्या गोळीच्या पाकिटाला कात्रीने एक काप. रात्रीच्या गोळीच्या पाकिटाला दोन काप. आणि पायांना सूज आली की घ्यायच्या गोळीच्या पाकिटाला कडेला एक त्रिकोणी खाच. ही गोळी अंगातले जास्तीचे पाणी लघवीवाटे काढत असे, म्हणून घरात तिला पाण्याची गोळी म्हणत. अंधुक उजेडातही साधनाबाई बोटाने चाचपून नेमके पाकीट काढत. ती खाच नेमकी औषधाच्या नावावर पडते, हे त्यांच्या कधी लक्षात आले नाही. आणि आले असते तरी त्यांना त्या नावाशी काय करायचे होते?

एका दसऱ्यानंतर साधनाबाई गेल्या. हैबतरावांनी त्यांची लुगडी बहिणींना वाटून दिली, चपला दिल्या, चष्मा दिला. माझे झाकण मात्र त्यांनी तीनदा उघडले आणि तीनदा लावले. त्या गोळ्या तशाच राहिल्या.

आता स्नेहलबद्दल सांगतो. स्नेहल ही या दोघांची एकुलती एक मुलगी. पाच हजार मीटर पळते. शाळेत असताना घोटवड्याच्या फाट्यापर्यंत पळत जाऊन पळत परत यायची, आणि साधनाबाई दारात बसून तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "आली बघा आमची लाल डब्याची यष्टी." पुढे ती पुण्याच्या मैदानावर सराव करू लागली आणि राज्याच्या संघात गेली. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत चांगली पळाली असती तर तिला देशाच्या सराव शिबिरात जागा मिळणार होती. तिच्या आईने पाहिलेले ते स्वप्न होते.

स्पर्धेच्या आधी आठवडाभर घरी आवणी होती. रोपे उपटून चिखलात लावायची, दिवसभर वाकून. एक माणूस कमी होते आणि ते कोण, हे कोणी बोलत नव्हते. स्नेहल न सांगता घरी आली आणि तीन दिवस चिखलात उभी राहिली. चौथ्या दिवशी तिचे घोटे टम्म सुजले.

हैबतरावांनी मला फळीवरून उतरवले. साधनाबाईंसारखे बोटाने चाचपून त्यांनी त्रिकोणी खाचेचे पाकीट काढले.

"ही घे. तुझ्या आयची सूज हिनंच उतरायची."

"नाव काय नाना हिचं?" स्नेहलने पाकीट हातात घेऊन उलटसुलट केले.

"नाव तुझ्या आयनं कापलंय बघ."

"नाव बघितल्याशिवाय काय घ्यायचं नसतं आमाला."

"अगं, आयची गोळी हाय ती. इख हाय का मरायला?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण खरे सांगायचे तर मलाही काही माहीत नव्हते. स्नेहलने त्या खाचेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग गोळी घेतली. हैबतरावांनी आणखी दोन गोळ्या कापून प्रवासासाठी कागदात बांधून दिल्या. त्यातली एक तिने स्पर्धेच्या गावी पोचल्यावर घेतली, शर्यतीच्या दोन दिवस आधी.

शर्यतीत शेवटच्या फेरीला तिच्या पोटरीत गोळे आले, तरी ती तिसरी आली. पळून झाल्यावर लगेच तिला चाचणीसाठी नेले आणि लघवीचा नमुना दोन बाटल्यांत भरून घेतला. मोठ्या स्पर्धांत तसा नियमच असतो. घरी आल्यावर पदक तिने साधनाबाईंच्या फोटोला घातले. हैबतराव गावभर पेढे वाटत फिरले.

पोळ्याच्या सुमारास स्नेहलच्या फोनवर पत्र आले. तिच्या नमुन्यात बंदी असलेले औषध सापडले होते. पाण्याची गोळी! त्या गोळीने पळण्याचे बळ वाढत नाही, पण अंगातले पाणी झपाट्याने निघून जाते आणि दुसरे उत्तेजक घेतले असेल तर ते त्या पाण्यात पातळ होऊन लपते. म्हणून खेळाडूंना ती कधीच चालत नाही. दोन वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते, मुद्दाम घेतली असे ठरले तर चार, असे पत्रात होते.

स्नेहल भिंतीला टेकून खाली बसली. हैबतराव तिच्यासमोर बसले. तेवढ्यात किशोर आला. किशोर हा हैबतरावांचा पुतण्या, हिंजवडीला व्यायामशाळा चालवतो. त्याला सगळेच माहीत असते.

"नाना, यात काय अवघड न्हाई," तो म्हणाला. "सांगायचं, गाडीत कुणीतरी पाण्याच्या बाटलीत कायतरी मिसळलं. समदे असंच सांगत्यात."

हैबतरावांनी मान वर केली. बुडत्याला काठ दिसावा तसे ते पाहू लागले. "चालंल का रं असं?"

"न्हाई चालणार," स्नेहल म्हणाली. "चाचणीच्या कागदावर रकाना असतो. सात दिवसांत कुठलं औषध घेतलं, ते लिहायचं. मी लिहून दिलंय."

"काय लिवलंस?"

"आईची गोळी."

किशोर कपाळावर हात मारून म्हणाला, "झालं! म्हंजे स्वतःच फास लावून घेतला!"

"नाव माहीत नव्हतं तर काय लिहू?" स्नेहल म्हणाली. "जे होतं ते लिहिलं."

हैबतराव उठले. त्यांनी मला काखेत मारले आणि ते घराबाहेर पडले. ओढ्याच्या पुलाकडे त्यांची पावले इतक्या जोरात पडत होती की माझ्यातल्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. मला वाटले, संपले आपले आयुष्य. इतकी वर्षे ज्या घराची दुखणी सांभाळली, त्याच घराला मी बुडवले. फेकले तर फेकू दे.

ते पुलाच्या कठड्याशी थांबले, तोच समोरून स्कूटर आली. गौतमी होती. ती गावातलीच, शाळेत स्नेहलच्या पुढे दोन वर्षे, आता पौडला वकिली करते. स्नेहलने फोन केल्यामुळे ती निघाली होती.

"नाना, डबा घेऊन कुठं? मासे धरायला?"

"बुडवायला चाललोय. ह्यानंच पोरीचा घात केला."

गौतमीने स्कूटर बाजूला लावली आणि दोन्ही हातांनी मला त्यांच्याकडून घेतले. "घात झाला असंल तर झाला. पण आता ती गोळी कुठनं आली ते दाखवायला याच्याशिवाय आपल्याकडं दुसरं हाय काय? हा बुडवला तर तिला कोण खरं मानंल?"

हैबतराव कठड्यावर बसले आणि तळहातांनीच डोळे पुसू लागले. मग ते उठले आणि स्कूटरच्या मागे, मला मांडीवर घेऊन बसले.

घरी येऊन गौतमीने माझ्यातले एकेक पाकीट बाहेर काढले. त्रिकोणी खाचेच्या पाकिटात चार गोळ्या उरल्या होत्या. पण नाव तुटलेले. "ही साधनाकाकूंचीच, आणि याच औषधाची, हे कशावरून?" ती स्वतःशीच म्हणाली. मी जवळजवळ रिकामा झालो होतो. शेवटी तिने तळाचा वर्तमानपत्राचा कागद उचलला. खाली चौघडी घातलेला डॉक्टरांचा कागद होता.

त्यावर तीन औषधांची नावे होती. आणि प्रत्येक नावासमोर साधनाबाईंनी पेनाने चित्र काढले होते. पहिल्यासमोर सूर्य आणि एक काप. दुसऱ्यासमोर चंद्र आणि दोन काप. तिसऱ्यासमोर पाच बोटांचा एक छोटा पाय आणि त्याच्या शेजारी त्रिकोण. चुकू नये म्हणून त्यांनी पहिल्या दिवशीच ते काढून माझ्या तळाशी ठेवले होते.

"बोटं सहा काढलीत आईनं," स्नेहल म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मोजली तर खरोखर सहा होती. माझ्याही नजरेस कधी आले नव्हते.

बंदी लागायची वाट न बघता स्नेहलने स्वतःहून कळवले की निकाल लागेपर्यंत ती कुठल्याच स्पर्धेत पळणार नाही. गौतमी म्हणाली, ते दिवस शिक्षेत धरले जातात. गावात मात्र तोंडे बंद होत नव्हती. "इंजेक्शनवाली" असे कोणीतरी तिच्या मागून बोलले. तरी ती रोज सकाळी फाट्यापर्यंत एकटी पळत राहिली.

भात झोडून झाल्यावर सुनावणी झाली, पौडला गौतमीच्या खोलीत, लॅपटॉपवर. मलाही नेले होते. समोर पडद्यावर निकाल देणारी तीन माणसे होती. ती हिंदीत विचारत आणि गौतमी हैबतरावांना समजावून सांगे. तिने मला कॅमेऱ्यासमोर धरले तेव्हा पडद्यावर माझे एककानी हरिण दिसले. मग खाचेचे पाकीट. मग तो पायाचा कागद. आणि डॉक्टरांचे पत्र, की ही गोळी त्यांनीच साधनाबाईंना दिली होती.

त्या तिघांत एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारले, "पत्नी जाऊन नऊ महिने झाले होते. तिची औषधं घरात का ठेवली?"

गौतमीने प्रश्न सांगितला. हैबतरावांनी माझ्या झाकणावर हात ठेवला.

"टाकायला हात धजला न्हाई, बाईसाहेब," ते म्हणाले. "लुगडी दिली, समदं दिलं. पण ह्या खाचा तिच्या हातच्या हुत्या. चूक माझी हाय. पोरीनं नाव इचारलं हुतं. मीच म्हनलो, आयची गोळी हाय."

मग स्नेहल बोलली. "नानांनी दिली, पण गिळली मी. आम्हाला शिकवलेलं असतं. नाव माहीत नसेल तर घ्यायची नाही, संघाच्या डॉक्टरांना विचारायचं. मी विचारलं नाही. मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही."

काही दिवसांनी निकाल आला. तिने मुद्दाम घेतली नाही, हे त्यांनी मान्य केले. तिने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलेले "आईची गोळी" हे दोन शब्द निकालात होते. पण खेळाडूच्या शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूचीच, असेही त्यात होते. दहा महिन्यांची बंदी. ती शर्यत रद्द. पदक परत. शिबिरातली जागा तर आधीच गेली होती.

स्नेहलने पदक फोटोवरून काढले, रुमालाने पुसले आणि पाकिटात घालून पाठवून दिले. हैबतराव दारात उभे होते. ती म्हणाली, "नाना, दहा महिने म्हणजे दोन आवण्यांमधलं अंतर पण न्हाई."

मित्रांनो, त्या दहा महिन्यांत माझेही रूप बदलले. साधनाबाईंच्या गोळ्या हैबतराव स्वतः पौडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि त्यांच्या हातात देऊन आले. बैलाचे मलम गोठ्यात गेले. आता माझ्यात जे पाकीट येते त्याचे नाव हैबतराव चष्मा लावून मराठीत चिठ्ठीवर लिहितात आणि दोऱ्याने बांधतात. सर्दीची गोळी असली तरी स्नेहल आधी नाव शोधते, मग फोन करून विचारते. डॉक्टरांकडे गेली की बसायच्या आधी सांगते, "मी खेळाडू आहे." खरी गरज असेल तर आधी परवानगी काढून औषध घेता येते, हेही आता या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. किशोरनेसुद्धा परवा व्यायामशाळेतली दोन बिननावाच्या बरण्यांतली पावडर आणून विचारले, "ताई, हे बघ की जरा."

बंदी संपली आणि यंदा स्नेहल राज्य स्पर्धेत पळाली. चौथी आली. पदक नाही. आणि तिला पुन्हा चाचणीला बोलावले. घरी आल्यावर हैबतरावांनी चहा ठेवण्याआधी विचारले, "रकान्यात काय लिवलंस?"

"काही नाही."

"म्हंजे?"

"म्हंजे तेच लिहिलं नाना. काही नाही."

हैबतराव इतके हसले की चहा उतू गेला.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल. तो एकदा सगळा रिकामा करून पाहा. पाकीट कापाल तर नाव शाबूत ठेवून कापा. गेलेल्या माणसाची औषधे दवाखान्यात परत द्या, कितीही जीव अडकला तरी. आणि आपल्या माणसाने मायेने दिले तरी गिळण्याआधी त्याचे नाव विचारा. विचारण्याने माया कमी होत नाही.

माझ्या तळाशी नवा कागद घातला आहे. त्याच्याखाली तो सहा बोटांचा पाय अजून आहे. ते औषध नाही, त्यामुळे ते ठेवायला कोणाचीच हरकत नाही.