उलट्या गाठीचं बियाणं

उन्हाळा तोंडावर आला की मी परसात उतरते. वाफे खणायचे, खत मिसळायचं, आळी करायची, वाळका पाला पोत्यांत भरून ठेवायचा, म्हणजे ऊन चढल्यावर मुळांवर पसरता येतो. चाळीस वर्षं हे मी एकटीनं केलं. मदत करू का, असं या घरात कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाच्या तोंडाकडे बघत बसले नाही. बरं चाललं होतं.

मग आमचे हे रिटायर झाले.

कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर. खिळ्यांच्या खोक्यालासुद्धा चिठ्ठी चिकटवायची सवय. महिनाभर घरात गप्प बसले. मग एका सकाळी म्हणाले, "यंदा उन्हाळ्याची बाग मी तयार करतो. तू नुसती बघ." मला दोन दिवस भाचीकडे जायचं होतं. म्हटलं, करू देत. तेवढाच जीव रमेल. माझीच अक्कल चरायला गेली होती.

परत आले तर परस चकाचक. फाटकाजवळच्या कोपऱ्यात हिरवी जाळी ताणलेली. तिच्या सावलीत दोन खुर्च्या, ताज्या हिरव्या रंगाच्या. दारावर वाफ्यांचा नकाशा. आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर अकरा काचेच्या बरण्या, प्रत्येकीवर कागद. मी तिसरीत शाळा सोडली. अक्षराखाली बोट धरून वाचते. का-क-डी.

"अहो, माझ्या पुरचुंड्या कुठंयत?"

"कुठल्या पुरचुंड्या?"

"पत्र्याच्या डब्यातल्या. चिंध्यांच्या."

"अगं, त्या होय! काय तो अवतार! बी काढून बरण्यांत भरलं. काकडीच्या तर दोन निघाल्या. एकाच मालाला दोन जागा कशाला? टाकल्या एकत्र." आणि बक्षीस मिळणार असल्यासारखे उभे राहिले.

मी फळीवरून काकडीची बरणी खाली काढली.

आम्हा दोघी बहिणींना एकाच वर्षी शाळेतून काढलं. लिहायची सवय कधी लागलीच नाही. मग थोरलीनं गाठी काढल्या. चिंधीला एक गाठ म्हणजे काकडी, दोन म्हणजे दुधी, तीन म्हणजे भोपळा. आमचं लिहिणं ते तेवढंच, आणि त्यात कधी चूक झाली नाही. थोरली डावरी. तिची गाठ उलटी पडायची. अंधारातही नुसत्या बोटांनी ओळखावी अशी.

तिच्या अंगणात पांढरी, आखूड काकडी व्हायची. देठापर्यंत खा, कडूपणाचं नाव नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या पोरांनी घर विकलं, अंगणावर सिमेंट ओतलं. जायच्या आठ दिवस आधी तिनं एक पुरचुंडी माझ्या मुठीत कोंबली होती. एक गाठ, उलटी. तीस-एक बिया असतील. मी ती सोडली नव्हती. पेरायच्या दिवशीच सोडायची, असं मनाशी धरलं होतं.

"तुम्ही," मी म्हटलं, "माझ्या बहिणीला बरणीत ओतलंत. उलटी गाठ तिची होती."

"अगं, काकडी ती काकडी..."

"आणखी एक शब्द काढलात तर ती बरणी डोक्यात घालीन."

कुंपणावरून शेजारची डोकावली. तिला आम्ही दुर्बीण म्हणतो. "काय झालं हो?"

"काही नाही. यांची बढती झाली," मी म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

बरणी परातीत पालथी केली. दोनशे बारा बिया. सगळ्या फिकट, सगळ्या टोकदार. वास घेतला, उजेडात धरल्या, एक चावून पाहिली. छे. वेल चढून फळ लागेपर्यंत यातली थोरलीची कुठली, ते देवालाही सांगता यायचं नाही. आणि माझ्या वाफ्यांत काकडीला जागा आठ आळ्यांची.

हे दारात उभे होते. हळूच म्हणाले, "गाठींचा अर्थ तू मला कधी सांगितलास?"

खरं होतं. म्हणून तर जास्तच आग लागली. चाळीस वर्षांत नव्हता सांगितला. सांगितलं असतं तर हसले असते, असं मला वाटायचं. शिकलेला माणूस.

"चिंध्या कुठं टाकल्यात?"

ते मोरीत गेले आणि एक बोळा घेऊन आले. खुर्च्या रंगवताना ब्रश पुसले होते त्यांना. मी एकेक उलगडली. शेवटची हिरव्या रंगानं कडक झालेली. हे काही सोडवत बसले नव्हते, कात्रीनं गाठीखालून कापलं होतं. गाठ जशीच्या तशी होती. उलटी.

मी ती ब्लाउजमध्ये खोचली आणि कुदळ आणली. यांच्या हातात दिली.

"खुर्च्या हलवा."

"कुठं?"

"डोक्यावर घेऊन बसा. जाळी काढा. काकडीला ऊन लागतं. कुंपणापासून दारापर्यंत सगळं खणायचं. एका आळ्यात तीन बिया, एकही बी उरता कामा नये."

"सत्तर आळी होतील गं!"

"एकाहत्तर. भागाकार तुम्ही शिकलात ना?"

चार दिवस खणत होते. तळहाताला फोड आले, मी फडकं दिलं. बिया ओल्या फडक्यात भिजवून मी माझ्या हातानं टोचल्या. पाचव्या दिवशी हे कागदाचे तुकडे आणि पेन घेऊन आले. "आळ्यांना नंबर घालू का? म्हणजे पांढरी कुठं लागली ते..."

मी नुसतं पाहिलं. पेन खिशात गेलं.

आता रोज सकाळी झारी घेऊन फिरतात, मी पायरीवर बसून बघते. कोंब वर आलेत, सगळे सारखे. काल बघते तर हे पायरीच्या टोकाला बसून सुतळीच्या तुकड्याला गाठ मारत होते. डाव्या हातानं. जमत नव्हती.

"चुकतंय," मी म्हटलं.

"मग दाखव ना."

"पांढरी काकडी लागू दे. मग बघू. तोवर शेवटची रांग कोरडी आहे, उठा."