देव्हाऱ्यातला स्टॉपर

ओमकारच्या देव्हाऱ्यातून मी बोलतोय. दचकू नका, मी देव नाही. तळहाताएवढी लोखंडी पट्टी आणि तिच्यातून वर आलेला एक बोल्ट, एवढाच माझा अवतार. माझी खरी जागा शर्यतीच्या गाडीत, अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली. तिथून काढून या शहाण्यांनी मला बाळकृष्णाशेजारी बसवलंय.

माझा जन्म बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला. यल्लाप्पा वेल्डरने उसाच्या ट्रॉलीच्या मोडक्या फाळक्यातून मला कापलं, बिजागरी जोडली आणि काही न बोलता गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. त्यानंतर भेटलेली माणसं मात्र बोलण्यातच तरबेज निघाली.

माझं काम सोपं आहे. शर्यत सुटण्याआधी टायर तापवावे लागतात, कारण तापलेलं रबर रस्ता घट्ट धरतं. त्यासाठी रस्त्यावर पाणी ओतायचं, हँडब्रेक ओढायचा आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरवायची. याला बर्नआउट म्हणतात. पाय कमी दाबला तर इंजिन खोकून बंद पडतं, जास्त दाबला तर रबराच्या चिंध्या होतात. आणि आमच्या ओमकारला ‘बेताने’ हा शब्दच ठाऊक नाही. समोर कुणी मोबाइल धरला की त्याचा पाय आणि अक्कल दोन्ही एकदमच खाली जातात.

म्हणून त्याच्या बहिणीने, दिपालीने, मला करून घेतलं. ती निपाणीच्या कॉलेजात शिकवते. या घरात मी मान देतो तो तिला एकटीला. दर रविवारी माळावरच्या रस्त्यावर ती गाडीत वाकून बसायची.

“अण्णा, दाब. पुरता दाब.”

ओमकारचा पाय माझ्यावर येऊन थांबायचा. चाकं अडखळली की ती बोल्ट थोडा खाली घ्यायची, रबर उडायला लागलं की थोडा वर. असं करता करता एकदाची चाकं एका सुरात फिरली. तिने लगेच नट आवळला. चाकं तापली की मला बांधलेली गियरजवळची तार ओढायची, मग मी बाजूला पडायचो आणि पेडल तळापर्यंत मोकळं व्हायचं. झकास व्यवस्था होती.

पण ओमकारचं तोंड वाकडं. “धूरच न्हाय गं! व्हिडिओत काय दिसणार?”

धूर म्हणे! हा माणूस शर्यतीला निघाला होता की गोठ्यातले डास मारायला?

शर्यत संकेश्वरच्या पुढे, एका बंद कारखान्याच्या आवारातल्या लांब रस्त्यावर होती. पहिल्या येणाऱ्याला बंगळूरच्या मोठ्या शर्यतीत जागा मिळणार होती. दिपालीने कितीतरी रविवार त्या एका जागेसाठी घालवले होते. सरावात गाडी अशी सुटत होती की आमच्याशी भिडणारी कोल्हापूरची मंडळी मुद्दाम येऊन बघून गेली.

आणि शर्यतीच्या सकाळी भरमूआप्पा आले. हे या दोघांचे चुलते, कडोलीहून नारळ, लिंबं आणि सौंदत्तीचा भंडारा घेऊन आलेले. त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेट पिवळंधमक केलं, स्टिअरिंगला कुंकू लावलं. मग कुंकवाचं बोट घेऊन खाली वाकले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“हे काय रं?”

“स्टॉपर हाय, आप्पा,” दिपाली म्हणाली. “टायर तापवताना पाय अडवतोय.”

“अडवतोय? चांगल्या कामाला निघताना गाडीत अडवणारी वस्तू? काढ ती आधी!”

“आप्पा, त्याच्याबिगार टायर फाटतील.”

“अगं, आमच्या बैलांच्या पायांत आम्ही कधी खोडा घातलाय व्हय?”

ओमकार काय, वाटच बघत होता. त्याने दोन नट सोडले आणि मला पूजेच्या ताटात टाकलं. “आप्पांचा शब्द मोडू नये गं,” असं वर बहिणीलाच सांगितलं. एरवी आप्पांचा फोनसुद्धा न उचलणारा हा आज्ञाधारक!

मी ताटातून पाहत होतो. पाणी ओतलं, चाकं फिरली, गर्दीने मोबाइल वर केले. ओमकारने पेडल तळाला लावलं. धूर झाला, पांढराफेक, हवा होता तेवढा. रबराचे तुकडे उडायला लागले. दिपाली ओरडत होती, “पाय काढ! अण्णा, पाय काढ!” गाडी पुढे सरकली, वेड्यासारखी फिरणारी चाकं ओल्यावरून कोरड्या रस्त्यावर आली आणि त्यांनी रस्ता एकदम धरला. खाडकन आवाज झाला. चाकं फिरवणारा एक्सल तुटला होता.

कोल्हापूरची गाडी एकटीच सुटली आणि पहिली आली. दिपाली रस्त्याच्या कडेला मटकन बसली. मी लोखंडाचा आहे, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं.

भरमूआप्पांनी मात्र बराच विचार केला आणि निकाल दिला. “त्यो स्टॉपर कोपला. त्येला काढायला नको होता.”

क्षणभर मला वाटलं, आली बाबा अक्कल यांना! पण पुढचं वाक्य आलं, “त्येला आता देवात बसवूया.”

तेव्हापासून मी इथे आहे. सकाळी कुंकू, संध्याकाळी उदबत्ती. गाडीला नवा एक्सल आला, नवे टायर आले, उद्या पुन्हा शर्यत आहे. काल दिपाली पाना घेऊन आली होती. “द्या तो इकडं. परत बसवते.”

“देवाला पाना लावतीस व्हय?” शर्यतीसाठी मुक्कामाला आलेले आप्पा कडाडले. ती तशीच परत गेली.

आत्ताच ओमकार माझ्यासमोर डोकं टेकून गेला. “सांभाळून घे, देवा,” म्हणाला. कसं सांभाळू रे, बावळटा? इथून माझा हात पोचतो का तुझ्या पायाला? बाहेर अंगणात तो इंजिनाला रेस देतोय आणि पोरं टाळ्या वाजवतायत.

दिपाली, ऐकतेस ना? देव्हाऱ्याला कुलूप नाही. आप्पा दुपारी झोपतात. पाना घेऊन ये, आणि येताना माझे दोन नट विसरू नकोस.