तळमजला, पाचवा आणि मग दुसरा

मी लिफ्ट बोलतेय. जाळीचं दार नीट ओढा आधी, नाहीतर मी जागची हलायची नाही!

कारखान्यातून आले तेव्हा अंगाला कोऱ्या रंगाचा वास होता. या सात मजली इमारतीत मला टांगलं, त्याला तीस वर्षं झाली. माणसं आत शिरली की एकमेकांचं तोंड चुकवून आकड्यांकडे का बघतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बारा वर्षं माझ्या स्टुलावर ताई बसते. तीच मला चालवते. यंदा मालक म्हणाले, "नवी बटणं बसवतोय. आता माणूस नको."

ताईला लिफ्टदुरुस्ती शिकायची होती. पण त्याला दहावी पास लागतं आणि तिचा विज्ञानाचा पेपर दोनदा राहिलेला. मांडीवर पुस्तक घेऊन बसली खरी, पण गाडी अडली विस्थापनापाशी.

एकदा सहाव्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडून एक विज्ञानाचे मास्तर बाहेर पडले. अर्धा गाल बधिर, पण पुस्तक बघून त्यांना राहवेना.

"विफ्थापन? फोप्पंय! तळमजल्याला चल. आता पाचव्यावर. आता दुफऱ्यावर!"

सुटले मी! तळमजल्यावर एक वकीलसाहेब आत शिरले होते. "अहो, माझा चौथा गेला!"

"थांबा हो, गणित चाललंय," ताई म्हणाली.

एक मजला तीन मीटरचा. वर पंधरा, खाली नऊ; अंतर चोवीस मीटर. "पण विफ्थापन फहाच! निघालीफ कुठून, पोचलीफ कुठे, एवढंच बघायचं."

वेळ लागला चोवीस सेकंद. "म्हणजे चाल सेकंदाला एक मीटर!" वकीलसाहेब आपला मजला विसरून म्हणाले.

"आणि वेग पाव मीटर, वरच्या दिशेने!" ताई ओरडली. मग मला खाली न्यायला दांडा फिरवला आणि एकदम थबकली. "आणि परत तळमजल्यावर आलो तर?"

"विफ्थापन शून्य."

"म्हणजे बारा वर्षं रोज मी..." ताई इतकी हसली, इतकी हसली, की हातातला दांडा सुटला आणि आम्ही दीड मजल्यावर लटकलो!

मास्तरांना त्या दातापायी आणखी तीन खेपा घालाव्या लागल्या. देव त्या दाताचं भलं करो!

आज निकाल लागला. "पास! एक्केचाळीस!" असं ओरडत ताईने मजल्यामजल्यावरून माणसं गोळा केली. वकीलसाहेब आले, हातमोज्यांसकट दंतवैद्य आला, मास्तर तर पेढा चावत आले, तोही दुखऱ्या बाजूने. सहा जणांची माझी ताकद, आणि आत दहा जण!

सोमवारपासून ताई दुरुस्ती शिकायला जाणार. स्टुलावरचा तिचा हा शेवटचा दिवस. सातव्या मजल्यावर मी कण्हत उभी आहे. सगळ्यांनाच खाली जायचंय, आणि उतरायला कुणी तयार नाही.

अहो, चार जण जिन्याने जा ना! ताई, तू नको. तू थांब.