रिकाम्या मागाचे ठोके

सरका जरा जवळ, मायबापहो. टाळ खाली ठेवा. मोहाडीच्या दुर्गाबाईची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मनात राहील.

"बाई, माग थांबवा जी!" हेमराज दारातून ओरडला.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जमिनीच्या पोटातले खडक शोधणारी तुकडी कापल्या धानाच्या बांध्यांतून वायरी टाकत आली होती; हेमराज तिच्यातलाच. लांब सुरुंग उडवायचा, त्याची धडक खोल खडकावर आपटून वर परतली की जमिनीत रोवलेल्या यंत्रांनी टिपायची. तेवढा वेळ लाइनीजवळ पाऊलही वाजवायचं नाही.

"काहून थांबवू? तुमचा बार शेतात, माहा माग घरात."

"खड्ड्यातला माग आहे ना, माय. खांब जमिनीत. ठोकान् ठोका आमच्या कागदावर उमटून राहिला."

दुर्गाबाईचा हात थांबला. "यंत्राले ऐकू जाते? मंग गल्लीले काहून नाही जात रे बाबा?"

हेमराज आत आला. मागावर सूतच नव्हतं. आनंदराव, तिचा नवरा, गेल्यापासून ती नुसती मागाची फणी ओढून ठोके देत होती.

"आठ दिवस बंद ठेवून पाहिला," ती हसली. "म्हटलं, कोनी तरी पाहाले येईन, बुढी हाये का गेली. कोनी नाही आलं. मंग म्हटलं, आपलं आपल्यालेच ऐकू येवो. किती वेळ थांबू?"

"वीस सेकंद."

"घड्याळ नाही माह्यापाशी. वीसदा विठ्ठल म्हनतो."

"चालते. पन घाई नका करजा."

तीन दिवस तसंच चाललं. शिट्टी वाजली की माग थांबे, वीस नामं झाली की सुरू होई. गाडीतल्या पडद्यावर ते ठोके दिसले की हेमराज सोबत्यांना सांगे, "बुढी मजेत आहे."

शेवटच्या सुरुंगाच्या कागदावर अकराव्या सेकंदाला पार खालच्या खडकांच्या रेघा आल्या. आणि पंधराव्यापासून, वीस पुरे व्हायच्या आतच, सारख्या अंतरानं, पाच ठोके.

"गोंगाट आहे तो. काढून टाक," साहेब म्हणाले.

तुकडी बपेऱ्याकडे सरकली. उन्हाळा सरता सरता हेमराज सुताच्या लडी घेऊन मोहाडीत उतरला. दाराला कुलूप होतं.

"होळीच्या मागंपुढं गेली असन जी," शेजारीण म्हणाली. "आमाले मालूमच नाही पडलं."

तिनं घाईत मोजलं की मुद्दाम, कोण जाणे. हेमराजनं ते पाच ठोके काढले नाहीत. कागद अजून त्याच्यापाशी आहे.

आता टाळ उचला, मायबापहो. आणि भजन संपून टाळ थांबले, की वीस नामांएवढं गप्प बसा. तेवढ्यात दुर्गाबाईला आठवा.