विचारल्याचे दोन फटके

रत्नपाल खोब्रागडे यांची सगळी नोकरी बँकेच्या ऑडिट खात्यात गेली. निवृत्तीनंतर ते घरी आले खरे, पण त्यांच्यातला ऑडिटर काही निवृत्त झाला नाही. भाजीत मीठ किती, शेजाऱ्याने गाडी रेषेच्या आत लावली की बाहेर, नळ आज किती उशिरा आला, सगळ्यावर त्यांचं लक्ष आणि सगळ्यावर त्यांचं मत. त्यांची बायको जया शाळेत विज्ञान शिकवायची. गोंगाटात शांत राहायची वर्गातली सवय तिला घरी फार उपयोगी पडली.

गोल्फ हे रत्नपालांचं जुनं वेड. वडील महूला फौजेत होते. लहानपणी कुंपणाच्या तारेला नाक लावून रत्नपालांनी साहेब लोकांचा खेळ पाहिला होता, आणि बँकेत अधिकारी झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल तर जुनं किट विकत घेतलं. महू रोडच्या क्लबात ते वर्षानुवर्षं खेळले. फार चांगले खेळले असं नाही, पण नियम त्यांच्याइतके कुणालाच पाठ नव्हते. एकदा तर आपल्या जिगरी दोस्ताला, श्रीकृष्ण मुळ्यांना, त्यांनी भर स्पर्धेत दंड लावायला लावला. श्रीकृष्णांनी शेजारच्या खेळाडूला सहज विचारलं होतं, "भिया, इथून कोणती स्टिक घेऊ?" आता नियम असा की खेळताना सल्ला विचारायचा तो फक्त आपल्या कॅडीला, म्हणजे आपली बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या माणसाला. दुसऱ्या कुणाला नुसतं विचारलं तरी दोन फटके वाढतात, मग उत्तर मिळो न मिळो. आणि या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. त्या दोन फटक्यांनी श्रीकृष्णांचा कप गेला आणि महिनाभर त्यांनी अबोला धरला. रत्नपाल आपले म्हणत राहिले, "नियम म्हणजे नियम."

अशा माणसाचा उजवा खांदा मागच्या वर्षी निकामी झाला. ऑपरेशन झालं, हात वर जायला लागला, पण डॉक्टरांनी सांगितलं, गोल्फ आता विसरा. रत्नपाल छत्रीबागेतल्या घराच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. सकाळी बसत, दुपारी बसत. एके दिवशी जया डाळीत मीठ घालायलाच विसरली आणि ते मुकाट्याने जेवून उठले. इतकी वर्षं ज्या बोलण्याने तिचं डोकं उठायचं, ते बंद पडल्यावर घर खायला उठलं.

निवृत्त झाल्यावर तीही त्यांच्याकडूनच गोल्फ शिकली होती. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला, माझे कॅडी व्हा."

त्या एका वाक्याने माणूस खडखडीत जागा झाला. चांगल्या हाताने बॅगेची ट्रॉली ओढत रत्नपाल तिच्यासोबत क्लबात जाऊ लागले. सकाळी लालबागेत फिरायला गेले की मध्येच वाकून हिरवळीचा उतार बघायचे आणि तिलाही वाकायला लावायचे. फिरायला आलेली मंडळी थांबून विचारायची, "भाईसाब, कुछ गिर गया क्या?" आणि मैदानावर तर विचारूच नका. "जया, डोकं खाली. खांदा मोकळा सोड. वारा डावीकडून आहे. घाई नको. एवढी हळूही नको." तिने स्टिक उचलायच्या आत पाच सूचना, चेंडू उडाल्यावर सहावी.

क्लबाच्या व्हरांड्यात श्रीकृष्णांशी त्यांची रोज जुंपायची.

"भिया, आपल्यासारख्या कच्च्या खेळाडूला कॅडी काय करणार?" श्रीकृष्ण म्हणायचे. "फटका तर शेवटी स्वतःलाच मारायचाय ना? फालतूचा तामझाम."

"कच्च्यालाच तर गरज," रत्नपाल टेबलावर बोट आपटायचे. "चांगला कॅडी म्हणजे सीधे पाच फटके कमी. लिहून घे."

लिहून घ्यायचं म्हटलं तर पंचाईत होती. कॅडी आल्यापासून जयाचा स्कोअर कमी होण्याऐवजी वाढत चालला होता. आधी ती एकशेचार-पाचच्या आसपास खेळायची, आता एकशेआठ, एकशेदहा. रत्नपाल कधी वाऱ्याला दोष देत, कधी गवताला. खरं कारण जयाला ठाऊक होतं, पण ते ती बोलायची कशी? पाच सूचना ऐकून पाचही पाळायला गेलं की हात कुणाचे आणि डोकं कुणाचं हेच कळेनासं होतं. हे सांगावं तर माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार. त्यापेक्षा एकशेदहा परवडले.

मग एका शनिवारी रत्नपालांना खांदा दाखवायला जायचं होतं. जया श्रीकृष्णांच्या बायकोबरोबर, सुमनबरोबर खेळायला गेली. ट्रॉली स्वतःच ओढली. कुणी काही सांगत नव्हतं. स्कोअर झाला सत्त्याण्णव. आयुष्यात पहिल्यांदा शंभराच्या आत! परतताना ती गाडीत एकटीच गुणगुणत होती, आणि घराच्या जिन्यात तिचं गुणगुणणं बंद झालं.

"किती?" रत्नपालांनी दारातच विचारलं.

"एकशेसात," कुकरकडे बघत जया म्हणाली.

"बघितलंस? मी नव्हतो ना," ते समाधानाने म्हणाले.

हे खोटं पचलंही असतं, पण सुमनच्या पोटात आनंदाची गोष्ट राहत नाही. दोन दिवसांनी व्हरांड्यात सगळ्यांसमोर ती म्हणाली, "भाभी, सत्त्याण्णवची पार्टी केव्हा? की चुपचाप जिरवणार?"

श्रीकृष्ण काही बोलणार होते, पण मित्राचा चेहरा बघून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. रत्नपाल हसले. "अरे वा," म्हणाले. संध्याकाळी त्यांनी तिचं किट पुसून कोपऱ्यात ठेवलं.

"बॅगेतलं जास्तीचं सामान काढलंय. तुला एकटीला ओढायला बरं पडेल."

"अहो, तसं नाही. तुम्ही इतकं बोलता ना, मला सुचेनासं होतं. तुम्ही नकोत असं थोडंच म्हणाले मी?"

"आकडा समोर आहे, जया. वाद कशाला घालायचा?" ते म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन बसले.

ते चिडले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. ऑडिटमध्ये आपलीच चूक सापडल्यासारखे ते गप्प झाले होते, आणि तिचे सत्त्याण्णव तिला कडू झाले.

त्या रविवारी क्लबातल्या बायकांची स्पर्धा होती. स्पर्धेतला स्कोअर तोच खरा, बाकी सगळा सराव असं रत्नपालच नेहमी सांगायचे. जया म्हणाली, जात नाही. ते म्हणाले, जायचं. सकाळी बुद्धमूर्तीपुढे हात जोडून ती किल्ली घ्यायला वळली, तर रत्नपाल चालायचे बूट घालून दारात उभे.

"मी कॅडी नाही," ते म्हणाले. "बघायला येतोय. बघायला तर कुणाची मनाई नाही ना?"

पहिल्या फटक्याआधी सुमनलाही त्यांनी तेच ऐकवलं. "वहिनी, मी प्रेक्षक आहे. मतलब, एक शब्द बोलणार नाही."

नियमाने त्यांनी स्वतःचंच तोंड बांधून घेतलं होतं. त्या दिवशी जया आणि सुमन दोघीच एकत्र खेळत होत्या, एकमेकींचे फटके लिहीत होत्या, आणि रत्नपाल हात पाठीमागे बांधून वीस पावलांवरून चालत होते. जयाचा चेंडू वाळूत गेला की ते कडुनिंबाकडे बघायला लागत, म्हणजे चेहऱ्यावरूनही तिला काही कळू नये. एकदा त्यांचा हात वारा दाखवायला उठला आणि त्यांनी तो झटकन खिशात घातला. सुमनला हसू आवरेना.

जया मात्र सुरेख खेळत होती. त्या शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, फटका बसल्याचा आवाज ऐकू येत होता. तिला फार मजा येत होती, आणि मजा येतेय याची लाजही वाटत होती. आपण जिंकलो तर हा माणूस घरी जाऊन त्या खुर्चीत कायमचा बसेल, हे काही तिच्या मनातून जाईना. पण मुद्दाम वाईट खेळावं? ते त्यांना पहिल्या फटक्यात कळलं असतं.

शेवटच्या होलच्या हिरवळीवर ती पोचली तेव्हा तिचे शहाण्णव फटके झाले होते. दोन फटक्यांत चेंडू आत घातला की अठ्ठ्याण्णव. व्हरांड्यातून श्रीकृष्ण आणि दोन-चार मंडळी उठून कठड्याशी आली. जया खाली वाकली. उतार बघितला. इकडून बघितला, तिकडून बघितला. कळेना. आणि डाळ ढवळता ढवळता एखादीने विचारावं तसं, मान वर न करता, ती बोलून गेली:

"अहो, डावीकडून की उजवीकडून?"

बोलल्यावर तिचं तिलाच कळलं.

सुमनने इकडेतिकडे पाहिलं. व्हरांडा लांब होता. ती हलक्या आवाजात म्हणाली, "भाभी, मी तर काही ऐकलंच नाही. चलो, खेळा."

जयाने मान वर केली. रत्नपालांचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. गप्प राहावं तर आयुष्यात पहिल्यांदा एक नियम त्यांच्या डोळ्यांदेखत बुडणार होता. बोलावं तर बायकोचा शंभराच्या आतला आकडा जाणार होता. बिचारे घामाघूम झाले होते. जयाला त्यांची इतकी माया आली की तिने निवड त्यांच्यावर सोडलीच नाही.

"सुमन, दोन फटके वाढव," ती म्हणाली. "मी विचारलं."

मग तिने डावीकडून मारला. चेंडू होलच्या बाजूने निघून गेला. पुढच्या फटक्यात तो आत पडला. अठ्ठ्याण्णव आणि दोन. बरोबर शंभर.

व्हरांड्यात श्रीकृष्णांना सगळं कळलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. जुना हिशेब आज फिटला होता. "तरीपण भिया, कॅडीशिवाय भाभी मस्त खेळली. मान की नाही?"

"उलट!" रत्नपालांचं बोट किती दिवसांनी टेबलावर आपटलं. "कॅडी असता तर हेच विचारणं फुकट होतं. नव्हता, म्हणून दोन फटके गेले. म्हणजे कॅडीचा फायदा सिद्ध झाला की नाही? लिहून घे."

श्रीकृष्णांनी कपाळावर हात मारला.

परतताना जया गाडी चालवत होती. राऊ गाव मागे पडेपर्यंत रत्नपाल खिडकीबाहेर बघत होते.

"मुद्दाम विचारलंस?"

"मुद्दाम कशाला विचारीन? मला शंभराच्या आत यायचं होतं."

"मग?"

"तोंडातून आलं. विचारायचं म्हटलं की तुम्हालाच विचारते ना मी नेहमी."

ते तिच्याकडे वळले. मग घसा साफ करून म्हणाले, "उजवीकडून होता. चार बोटं." आणि थोडं थांबून, "पुढच्या वेळी ट्रॉली मी ओढीन. विचारशील तेव्हाच बोलीन."

"जमेल?"

"आज जमलं की."

घरी आल्यावर तिने पानं घेतली. गॅलरीतली खुर्ची रत्नपालांनी आत ओढून टेबलाशी लावली आणि पहिला घास खाल्ला. दुसरा घास हातातच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. फार प्रयत्न केला बिचाऱ्यांनी.

"विचारते," जया म्हणाली. "कशी झालीय डाळ?"

"मीठ कमी आहे," ते एका दमात म्हणाले. "आणि फोडणी जरा जळलीय."

जया मीठ आणायला उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने आधी पदराने डोळे पुसले.