केबल्स सोडून सगळं

विकणे आहे : पॉवर सप्लाय, नावाजलेल्या कंपनीचा, जेमतेम वापरलेला. केबल्स नाहीत. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.

*

बाही एकाच खांद्यावरून सारखी घसरत असेल तर दोष बाहीचा नाही. कापणाऱ्याने दोन्ही खांदे एका उंचीचे धरले आहेत.

*

जळलेल्या चिपचा वास आधी गोडसर येतो. मग तो घशात बसतो.

*

"बाई, पुन्हा विचार करा. आमच्याकडे खुर्ची फार दिवस रिकामी राहत नाही."

*

तिसरा ड्रॉवर उघडायचा तर आधी गुडघ्याने आत ढकलावा लागतो. मग तो एकदम बाहेर येतो आणि वायरी उसळतात.

*

ड्रॉवर मामाचा. खुर्ची आईची. बाहीबद्दलचं म्हणणंही आईचंच.

आई कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न मास्टर होती. कापड कापण्याआधी कागदावर जे साचे काढतात, ते तिचं काम. तिथे माणसं चार मापांची असतात : लहान, मध्यम, मोठं, फार मोठं. आई घरी यायची आणि त्या चारांत न बसणाऱ्यांचे साचे काढायची. पाठीला बाक असलेल्यांचे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यांचे, कारण बसलेल्या माणसाची पँट मागे उंच आणि पुढे आखूड लागते, हे उभ्याने मापं घेणाऱ्याला सुचतच नाही. एक हात नसलेल्यांचे, म्हणजे ज्यांना बटण एका हाताने लावायचं आहे त्यांचे. रविवारी घरात अनोळखी माणसं यायची, आई त्यांच्याभोवती टेप घेऊन फिरायची, आणि मी चहा करायचे.

सुरुवातीला हे सगळं खाकी कागदावर होतं. गुंडाळ्या पलंगाखाली, गुंडाळ्या कपाटावर.

"ताई, एक दिवस या घराला वाळवी लागेल," मामा म्हणाला, "आणि तुझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांना तीच खाईल."

त्याने तिला कॉम्प्युटर बांधून दिला. बांधूनच, विकत घेऊन नाही. माझा मामा विमा कंपनीत दुसऱ्यांच्या नुकसानीच्या फायली तपासायचा, आणि तिथून सुटला की कॉम्प्युटरचे सुटे भाग घेत हिंडायचा. नवे क्वचित. जुने, कोणाच्या तरी घरातून निघालेले. मी त्याला भंगारमामा म्हणायचे आणि तो ते नाव पदवी मिळाल्यासारखं मिरवायचा.

त्याच्याबरोबर जायला मजा यायची. पेट्रोल पंपाजवळ, पार्किंगमध्ये, बँकेच्या पायऱ्यांवर माणसं हातात पिशव्या घेऊन उभी असायची आणि एकमेकांना न ओळखता ओळखायची. एकाने ग्राफिक्स कार्ड तान्ह्या मुलाच्या दुपट्यात गुंडाळून आणलं होतं. मामाने खिशातून भिंग काढलं आणि मदरबोर्डच्या बारीक पिना बघायला लागला की समोरचा माणूस घाम पुसायचा.

"लग्नाला मुलगी बघताना एवढं बघितलं असतंस तर," आई म्हणायची.

"बघितलं होतं. तिनेच भिंग मागितलं."

फसायचाही. एकदा मेमरीच्या दोन पट्ट्या आणल्या, खाच पाव बोटाने पुढे. बसेचनात. तो हसत हसत ड्रॉवरमध्ये टाकून आला. त्याच्या लेखी काहीही वाया जात नव्हतं, फक्त अजून कामाला यायचं होतं.

*

दोन डिस्क बसवल्या त्याने आईच्या कॉम्प्युटरच्या डब्यात. एकीत साचे, दुसरीत त्याच साच्यांची नक्कल, आपोआप.

"एक गेली तरी दुसरी आहे, ताई. बिनधास्त झोप."

आईने दोन हिवाळे बसून सगळ्या गुंडाळ्या कॉम्प्युटरवर चढवल्या. कागद रद्दीवाला घेऊन गेला. मामानेच त्याला जिन्यातून हाक मारली होती. घर एकदम मोठं दिसायला लागलं.

मग तिने राजीनामा दिला. बाजारामागच्या गल्लीत एक गाळा पाहिला होता, दोन शिलाई मशिनं आणि एक आरसा मावेल एवढा. पहिली गिऱ्हाइकं ठरली होती. साचे तयार होते. कारखान्याचे साहेब खुर्चीबद्दल जे बोलायचं ते बोलले, आणि आई घरी येऊन म्हणाली, "घेऊ दे ज्याला घ्यायची त्याला."

त्याच दिवसांत कॉम्प्युटर मधेच बंद पडायला लागला. काम चालू असताना एकदम काळोख. पुन्हा चालू करा, पुन्हा चालतो.

"पॉवर सप्लाय म्हातारा झालाय," मामाने डब्याला कान लावून निदान केलं. त्याचे हात शिवशिवत होते, ते मला दिसत होतं. "मी बघतो. चांगला मिळाला तर."

चांगला मिळाला.

*

विकणारा घर बदलत होता. हाफ पँटवर, पार्किंगमध्ये खोक्यांच्या मधोमध.

"केबल्स?" मामाने विचारलं.

"एक खोकं कुठे गेलं देव जाणे. म्हणून तर असा देतोय."

"हरकत नाही. माझ्याकडे आहेत."

"त्याच कंपनीच्या?"

"त्याच. नवशिका वाटलो का मी?"

"तसं नाही हो. विचारावं लागतं. लोक काहीही जोडतात आणि मग आमच्या नावाने शिमगा."

दोघं हसले. बरोबर प्रश्न, खरं उत्तर. मी शेजारी उभी होते. घरी येताना रिक्षात मामाने सप्लाय मांडीवर धरला होता, मागून येणाऱ्या हॉर्नवरसुद्धा तो खूश होता.

*

न कळणाऱ्यांसाठी, म्हणजे तेव्हाच्या माझ्यासाठी :

सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागाला हवी तेवढी वीज वाटून देणारा डबा. या सप्लायच्या केबल्स दोन्ही टोकांनी सुटतात. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं. सप्लायकडचं टोक दिसायला सारखं, पण आतल्या तारांचा क्रम ज्याचा त्याचा. कंपनी एक असली तरी वेगळ्या मॉडेलचा क्रम वेगळा असू शकतो. चुकीची केबल अडत नाही, खटकत नाही, मापाने शिवल्यासारखी बसते. आणि जिथे पाच व्होल्ट जायचे तिथे बारा जातात.

कंपन्या मिसळू नयेत हे मामाला माहीत होतं. नवशिक्यांना तो फोनवर दम देऊन सांगायचा. त्याने कंपनी बघितली. मॉडेल नाही बघितलं. नाव एक, रंग एक, ड्रॉवरमधून केबल निघाली तीही पहिल्याच झटक्यात, गुंता न सोडवता.

*

दुपार. आई कणीक मळत होती.

"छोट्या, आधी कुठे काढून ठेवायला हवंय का त्यातलं?"

"कशाला? डिस्कला हात पण लावत नाहीये मी. फक्त सप्लाय."

"बघ हं."

"ताई, तुझी पोळी कधी करपते का? मग."

मोठी केबल जुळली, पंखा फिरला. मामाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग एक टिचकी वाजल्यासारखा आवाज, लगेच दुसरा.

आई कणकेच्या हातांनी दारात आली. "कसला वास येतोय?"

मामा डब्यात बघत होता. त्याने भिंग काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

"छोट्या?"

"थांब, ताई."

"दुसरी आहे ना? तू म्हणाला होतास दुसरी आहे."

दुसरी तिथेच होती. पहिलीच्या खाली, त्याच डब्यात, त्याच केबलवर.

*

पाहिजे आहे : डिस्क, बंद किंवा चालू, कोणत्याही अवस्थेत. फक्त मागच्या हिरव्या पाटीवरचा नंबर जुळला पाहिजे. फोटो पाठवा. कुठेही येईन.

*

गेलेल्या माहितीचा शोध घेणारा एक माणूस असतो. काचेच्या खोलीत बसतो, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. त्याने दोन्ही डिस्क बघितल्या आणि एक लगेच बाजूला ठेवली.

"हिची आशा सोडा. हिच्यात फिरणारी तबकडी नसते, सगळी माहिती चिपमध्येच, आणि चिप तडकलीय. दुसरीची मागची सर्किटची पाटी जळलीय. अगदी तशीच पाटी आणलीत तर बघू."

मग मामा विकत घेत सुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एकच वस्तू हवी होती. ऑफिसला दांड्या. कोणाच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतून, कोणाच्या माळ्यावरून. मी बरोबर जायचे, पण आता तो कोणाशी गप्पा मारत नव्हता. पाटी उलटी करायची, नंबर बघायचा, परत द्यायची. विकणारेच बोलत राहायचे. "साहेब, ही पण तीच कंपनी आहे की." असं कोणी म्हटलं की मामा मान खाली घालून चालायला लागायचा.

आईने गाळेवाल्याकडे थोडी मुदत मागितली. गिऱ्हाइकांना ती सांगत होती, "भाऊ बघतोय. त्याला यातलं कळतं." हे ती फोनवर मोठ्याने बोलायची. मामा घरात असला तरी, असला की जरा जास्तच मोठ्याने. टोमणा होता की विश्वास, हे आजही मला सांगता येत नाही. तिलाही बहुतेक येणार नाही.

नंबर जुळला. एका निवृत्त छायाचित्रकाराकडे. त्याने डिस्क दोन्ही हातांनी दिली.

"चालू आहे बरं का. पुसून दिलीय. कशाला हवीय?"

"हिची पाटी काढून दुसरीला लावायचीय."

"म्हणजे ही मरणार?"

मामाने खिशातून पैसे काढले. छायाचित्रकाराने पैसे घेतले नाहीत.

काचेच्या खोलीतून टोपीवाला बाहेर आला तेव्हा त्याने फडकं आधीच खाली केलं होतं.

"पाटी जुळली. पण झटका आतपर्यंत गेलाय. डिस्क फिरते, वाचत नाही."

"दुसरीकडे कुठे नेली तर?"

"न्या. मी नाही म्हणत नाही."

दोन ठिकाणी नेली. ते वेगळ्या शब्दांत हेच म्हणाले.

*

"ताई, मी सगळं पुन्हा..."

"काय पुन्हा? माणसं पुन्हा आणशील? रविवारी यायच्या त्या आजी गेल्या, छोट्या. त्यांच्या पाठीचं माप कोण देणार मला?"

"तू मार मला. बोल काहीतरी."

"बोलले असते. तू चोर असतास तर बोलले असते."

मग तिने त्याला जेवायला वाढलं, आणि ते त्याला बोलण्यापेक्षा जड गेलं. पानावरून तो उठलाही नाही आणि जेवलाही नाही.

*

गाळा सोडून आई कारखान्यात परत गेली तेव्हा खुर्ची रिकामी नव्हती. साहेबांनी आईला तपासणीच्या टेबलावर घेतलं. तयार कपड्यांचे लोंबणारे दोरे कापायचे, बटण ओढून बघायचं. चारच मापं. तिच्या जागेवर बसलेली मुलगी अडलं की हळूच येऊन विचारते, आणि आई सांगते. रविवारी घरी कोणी येत नाही. कोणाला पुन्हा मापांसाठी बोलवायची तिला लाज वाटते, जणू तीच कुठेतरी विसरून आली.

मामाने सगळं विकायला काढलं. माणसं घरी आली, त्याने भाव केला नाही. एक कॉलेजमधला मुलगा तिसऱ्या ड्रॉवरपाशी रेंगाळला.

"काका, या केबल्स?"

"त्या नाहीत विकायच्या."

"सगळ्या? एवढ्या? द्या ना, कुठे ना कुठे लागतीलच."

"लागतात," मामा म्हणाला. "तीच तर भानगड आहे."

मुलगा गेल्यावर त्याने पक्कड घेतली आणि जमिनीवर बसून एकेक केबल मधोमध तोडली. मी म्हटलं, मदत करू? तो नको म्हणाला. बराच वेळ लागला. भंगारमामा ही हाक मी त्याला तेव्हापासून मारलेली नाही. त्याने कधी विचारलंही नाही की का मारत नाहीस.

परवा आईने खाकी कागदाचं एक भेंडोळं आणून पलंगाखाली सरकवलं. अजून सोडलेलं नाही.

*

कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला त्याच्या आदल्या दिवशी आई शिलाई मशीन सरकवत असताना टेबलामागच्या स्विचबोर्डला धक्का लागला होता, आणि आतली एक तार सैल झाली होती. जुना सप्लाय ठणठणीत होता.